वजनकाटा

बुधवारची संध्याकाळ, बाहेर उणे एकतीस.
चर्चच्या तळघरात नऊ मुलं
आणि दाराशी अठरा बूट, वितळल्या बर्फाच्या डबक्यात.
या आठवड्याचा धडा: सत्य सापेक्ष नसतं.
मी फळ्यावर तसं लिहायला घेतलं
आणि मार्कर 'नसतं'च्या आधीच सुकला.
फळ्यावर राहिलं ते भलतंच.
मुलं हसली. मीही.

मी काही पाळक नाही.
सस्कॅचेवानच्या या गावात, धान्याच्या कोठारापाशी
ट्रकांचा काटा सांभाळतो, बावीस वर्षं झाली.
भरला ट्रक, रिकामा ट्रक, वजाबाकी, पावती.
त्यामुळे धडा मला सोपा वाटला होता.
काटा तपासायचं ओतीव लोखंडाचं वजन
मुद्दाम उचलून आणलं होतं, वीस किलोचं.
हातोहात फिरवलं.
"कुणाला जड लागेल, कुणाला हलकं.
लागणं ज्याचं त्याचं. वीस मात्र वीसच."
छान झालं. पुस्तिकेत इतकं छान नव्हतं.

कझाया पेनरने हात वर केला नाही, नुसतं विचारलं,
"आजोबा रोज म्हणतात, अॅग्नेटा कुठे गेली?
आजी ऑगस्टमध्ये गेली.
खरं सांगितलं की ते रडतात,
पहिल्यांदा ऐकल्यासारखे. रोज पहिल्यांदा.
म्हणून आई सांगते, दुकानात गेलीय.
आई पाप करते का?"

पान चौदावर उत्तर होतं, चार ओळींचं.
मी वाचायला लागलो
तर आवाज दुसऱ्याच कुणाचा.
पुस्तिका मिटली.

आणि तोंडातून निघालं ते
सहा वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरचं.
काट्याच्या फळीखाली बर्फ धरला होता,
भरला ट्रक साठ किलो कमी दाखवायचा.
दुसऱ्याच दिवशी मला कळलं.
मॅनेजर म्हणाला, थंडी ओसरली की सुटेल आपोआप.
अकरा दिवस मी पावत्या फाडल्या.
खोटं असं एक अक्षर बोललो नाही,
समोर दिसेल तो आकडा वाचत होतो.
मापात पाप म्हणतात
ते इतकं शांत असतं.

भट्टी घुरघुरत होती.
"त्या नोव्हेंबरात," टोबिन रेम्पेल म्हणाला,
"आमच्या मसुराचे ट्रक..."
"सात."
मला आकडा पाठ आहे.
त्याने ओठ न हलवता गुणाकार केला.
"चारशे वीस किलो."
असू दे, असं तो म्हणाला नाही.
पंधरा वर्षांच्या मुलाने ते का म्हणावं?
म्हणाला, "बाबांना तुम्ही सांगणार, की मी?"

रात्री नऊला त्यांच्या शेताकडे निघालो.
शेजारच्या सीटवर ते वजन.
गाडीला वाटलं माणूस बसलाय,
पट्टा लावा, पट्टा लावा, करत वाजत राहिली
अठरा मैल.

रेम्पेल मोज्यांवरच दारात आला.
सगळं ऐकलं. आत ये म्हणाला नाही.
"आणखी कोण कोण?"
मी नावं सांगितली. एकवीस.
"मग इथे काय उभा राहिलायस," म्हणाला,
आणि दार लावलं, हळू,
आत कुणी झोपलं असावं.

पुढच्या बुधवारी सहाच मुलं आली.
टोबिन नव्हता.
मी नवा मार्कर आणला होता, तो खिशातच.
फळा कुणीतरी पुसला होता, नीट नाही,
'सापेक्ष'मधला 'क्ष' अजून दिसत होता.

कझाया उशिरा आली, बूट काढता काढताच म्हणाली,
"काल मी आजोबांना सांगितलं, आजी घरी नाहीये.
ते म्हणाले, कोट नेला का तिने? गारठेल ती.
मी म्हटलं, नाही आजोबा,
तिला थंडी वाजत नाहीये.

एवढं तर खरं आहे ना?"